हे बिघडलंय की असंच आहे? ध्वनी-कोलाज समजून घेताना

परवा एका मैत्रिणीच्या कानाला हेडफोन लावून तिला साडेचार मिनिटांचा एक तुकडा ऐकवला. दीडएक मिनिटानं तिनं एक कान मोकळा केला आणि विचारलं, "हे बिघडलंय की असंच आहे?"

प्रश्न रास्त होता. त्यात चाल नव्हती, ठेका नव्हता. आधी दार लोटल्याचा आवाज, मग कुणीतरी विचारतंय, "चालू झालं का?" मग तेच पुन्हा. पुन्हा. आठ-दहा वेळा झाल्यावर ते वाक्य कुणीतरी गातंय असं वाटू लागतं, आणि कान जरा रमतोय तोच ते तुटतं. मागे नुसती खरखर उरते.

या प्रकाराला ध्वनी-कोलाज म्हणतात. कपाटातल्या जुन्या कॅसेट पुन्हा बाहेर निघताहेत, फोनमध्ये वर्षानुवर्षांचे व्हॉइस मेसेज साठलेत आणि आवाज कापायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यामुळे असे तुकडे हल्ली सारखे कानावर पडतात आणि ऐकणाऱ्याचा चेहरा माझ्या मैत्रिणीसारखा होतो. "असंच आहे" एवढं सांगून भागत नाही, म्हणून हा लेख.

कात्रणांचं काम

चित्रातला कोलाज सगळ्यांना माहीत असतो. वर्तमानपत्राचे, तिकिटांचे, फोटोंचे तुकडे कापून एका कागदावर चिकटवायचे. ध्वनी-कोलाजमध्ये कागदाच्या जागी वेळ असतो. आधीच रेकॉर्ड झालेल्या आवाजातून एक तुकडा कापायचा, त्याला म्हणायचं सॅम्पल. (सीडीवर एका सेकंदात आवाजाची ४४,१०० मोजमापं घेतलेली असतात, त्यातल्या प्रत्येकालाही सॅम्पलच म्हणतात. तो अर्थ इथे सोडून द्या.) मला कात्रण हा शब्द जास्त आवडतो, म्हणून पुढे तोच वापरते.

नाचायच्या गाण्यांतही जुन्या गाण्यांची कात्रणं असतात. पण तिथे कात्रण ठेक्याच्या नोकरीत असतं, ते कुठून आलं हे कळलं नाही तरी बिघडत नाही. कोलाजमध्ये कागदाची फाटलेली कड दिसायला हवी. हा आवाज दुसऱ्या खोलीतून, दुसऱ्या काळातून आलाय हे ऐकणाऱ्याला जाणवलं पाहिजे.

हे फोनच्या जमान्यातलं फॅड आहे का?

नाही, याला जवळजवळ शंभर वर्षं होत आली. १९३० साली बर्लिनमध्ये वॉल्टर रुटमान या जर्मन चित्रपट-दिग्दर्शकानं "वीकेंड" नावाचा सुमारे अकरा मिनिटांचा "चित्रपट" केला. त्यात चित्र नव्हतंच, फक्त आवाज. कारण अगदी व्यावहारिक होतं. तेव्हा आवाज तबकडीवर कोरला जायचा आणि तबकडी कापता येत नाही. सिनेमाची फिल्म कापता येते, म्हणून त्यानं फिल्मच्या ध्वनिपट्टीवर आवाज घेतले आणि तुकडे जोडले.

१९४४ मध्ये कैरोत हलीम अल-दाब या तरुणानं तारेवर आवाज टिपणारं यंत्र मिळवलं, झार नावाच्या विधीतलं बायकांचं गाणं टिपलं आणि रेडिओच्या स्टुडिओत त्या आवाजाला घुमवून, गाळून एक नवीच रचना केली. चार वर्षांनी, १९४८ मध्ये, पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओतल्या पिएर शेफेरनं बातिन्योल स्टेशनात जाऊन आगगाड्यांचे आवाज घेतले आणि त्यातून एक रचना बांधली. ती रेडिओवर वाजली. या पद्धतीला त्यानं "म्युझिक काँक्रेत" म्हटलं. सिमेंटशी त्याचा संबंध नाही. संगीतकार एरवी कागदावरच्या स्वरलिपीपासून निघतो आणि आवाजापर्यंत येतो. शेफेर प्रत्यक्ष, ठोस आवाज हातात घेऊन निघाला, म्हणून ते नाव.

शेफेरचा एक आग्रह होता. आवाज ऐकताना तो कशाचा आहे हे विसरा, गाडी विसरा, फक्त त्याचा पोत ऐका. तात्त्विकदृष्ट्या हे छान आहे. पण स्वतःच्या आजोबांचा आवाज "फक्त पोत" म्हणून ऐकून दाखवा बरं. घरच्या रेकॉर्डिंगची खरी मजा इथूनच सुरू होते, तिकडे पुढे वळतेच.

बोलणं गाणं कसं होतं?

मैत्रिणीला "चालू झालं का?" गाण्यासारखं वाटलं, यात मी काहीही केलेलं नव्हतं. सूर लावला नव्हता, मागे वाद्य नव्हतं. फक्त तेच कात्रण जसंच्या तसं पुन्हा पुन्हा वाजवलं होतं. या गोल फिरणाऱ्या कात्रणाला लूप म्हणतात.

१९९५ मध्ये डायना डॉइच या मानसशास्त्रज्ञ बाई आपल्याच बोलण्याचं रेकॉर्डिंग तपासत होत्या. एक छोटा वाक्यांश लूपवर राहून गेला आणि थोड्या वेळानं त्यांना वाटलं, कोण गातंय? तो त्यांचाच बोलका आवाज होता. पुढे २०११ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. वाक्यांश तंतोतंत तसाच दहा वेळा ऐकवला की लोकांना तो गायल्यासारखा वाटतो. मात्र दर वेळी पट्टी थोडी बदलली किंवा अक्षरांचा क्रम हलवला तर जादू होत नाही.

यामागचं कारण मी स्वतःला असं समजावते. कुणी बोललं की आपण अर्थाच्या मागे धावतो. आवाज कुठे चढला, कुठे उतरला हे ऐकू येत असतं, पण तिकडे लक्ष द्यायला फुरसत नसते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला अर्थ वापरून संपतो. मग मोकळ्या झालेल्या कानाला कळतं की "चालू" खाली आहे, "झालं" जरा वर आणि "का" तर थेट वरच्या पायरीवर. चाल तिथे पहिल्यापासून होती.

अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइशनं १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चौकात प्रवचन देणाऱ्या एका माणसाचे दोन-तीन शब्द घेतले आणि तोच लूप दोन टेपरेकॉर्डरवर एकदम सुरू केला. दोन यंत्रांचा वेग कधीच अगदी सारखा नसतो. एक हळूहळू मागे पडत गेलं आणि त्या फटीतून भलतेच ठेके निघू लागले. यंत्राच्या खोटीतून त्यानं आख्खी रचना काढली.

घरच्या टेपवर दोन रेकॉर्डिंग असतात

आमच्याकडे एक कॅसेट आहे. माझ्या आजोबांनी दूर गेलेल्या काकांसाठी पत्राऐवजी भरलेली. ती पाठवायची राहून गेली की परत आली, कुणालाच आठवत नाही. सुरुवात अर्थात "चालू झालं का?" अशीच आहे. घरात भरलेल्या ज्या ज्या कॅसेट मी ऐकल्या, त्यातल्या बहुतेकींची पहिली ओळ हीच.

आजोबा चाळीस मिनिटं बोलतात. तब्येत, कागदपत्रं, कोण आलं, कोण गेलं. हे झालं ठरवून केलेलं रेकॉर्डिंग. त्याच्या मागे न ठरवता झालेलं दुसरं आहे. घड्याळाची टिकटिक, ओढलेली खुर्ची, लांबून हाक, बंद न होणारं दार, आणि माझी आत्या. ती तेव्हा सात वर्षांची होती. तीन वेळा तिचा आवाज येतो, "मी बोलू?" आणि तिन्ही वेळा आजोबा म्हणतात, "थांब."

आता यंत्राची एक खोड ऐका. घरगुती टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असायची. माणूस मोठ्यानं बोलला की यंत्र आपला कान बारीक करायचं, गप्प झाला की कान मोठा करायचं. त्यामुळे आजोबा बोलत असतात तेव्हा घर मागे दबलेलं असतं. ते श्वास घ्यायला थांबले की सेकंदाभरात घर वर येतं. घड्याळ जवळ येतं, दार जवळ येतं. ते पुन्हा बोलू लागले की सगळं खाली बसतं. चाळीस मिनिटं हे असं भरती-ओहोटीसारखं चालतं. आजोबांनी काय सांगितलं ते मी दोनदा ऐकलं असेल. ते थांबतात त्या जागा मात्र मी कितीदा ऐकल्या याचा हिशेब नाही, आणि माझ्या तुकड्यातली निम्मी कात्रणं तिथूनच आलेली आहेत.

टेपची स्वतःची भुतंही असतात. फीत गुंडाळून वर्षानुवर्षं पडून राहिली की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं. कॅसेटच्या चाकाचा एक वेढा साधारण दीड ते तीन सेकंदांचा. म्हणून कधीकधी शांततेत माणूस बोलायच्या दोनेक सेकंद आधीच त्याचं तेच बोलणं कुजबुजल्यासारखं ऐकू येतं. स्टुडिओवाले याला दोष म्हणतात. मी याला खजिना म्हणते.

फ्रेंच संगीतकार लूक फेरारीनं हेच मोठ्या प्रमाणावर केलं. युगोस्लाव्हियातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात खिडकीत माइक ठेवून त्यानं रोजची पहाट टिपली आणि १९७० मध्ये त्यातून सुमारे वीस मिनिटांची रचना पूर्ण केली. शेफेर सांगत होता की गाडी विसरा. फेरारीनं गावाला गावच राहू दिलं. माझा कौल फेरारीला.

कॅसेट कॉम्प्युटरमध्ये आणताना

इथे फार रेंगाळत नाही, पण चार गोष्टी चुकल्या तर पुढचं सगळं चुकतं. कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन प्लॅस्टिकच्या टिकल्या आधी तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी जुनं पुसलं जाणार नाही. बरीच वर्षं न वाजलेली कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. प्लेअरचं हेड, म्हणजे फीत जिथे घासत जाते तो भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. स्पीकरसमोर फोन धरू नका, वायरनं थेट जोडा. आवाजाच्या रेषा लाल रंगाला भिडणार नाहीत इतकी पातळी खाली ठेवा, आणि फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारात, २४ बिटमध्ये साठवा. एमपीथ्री फाइल लहान होते कारण कानाला जाणवणार नाही असं वाटणारं बरंच काही ती फेकून देते, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. मूळ फाइलला नंतर हात लावायचा नाही. कापाकापी तिच्या प्रतीवर.

आणि हो, "नॉइज काढा" असं लिहिलेलं बटण दिसेल. मी ते पहिल्या उत्साहात दाबलं होतं. खरखर गेली, तिच्याबरोबर घड्याळ गेलं, खोली गेली. आजोबा पाण्याच्या टाकीत बसून बोलताहेत असं वाटू लागलं. मूळ फाइल होती म्हणून वाचले.

कापायचं कुठे?

या कामातलं सगळं कसब या एका प्रश्नात आहे. जुन्या स्टुडिओत टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगानं धावायची. म्हणजे "का" हे अक्षर, सेकंदाचा पाचवा भाग धरला, तर साडेसात सेंटिमीटर लांब. ते ब्लेडनं आरामात कापता येतं. घरच्या कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर आणि फितीची रुंदी चार मिलिमीटरहून कमी. तिथे तेच "का" एका सेंटिमीटरात बसतं. म्हणून कॅसेट कुणी ब्लेडनं कापायच्या भानगडीत सहसा पडत नसे, आणि म्हणून हे घरगुती आवाज कॉम्प्युटर येईपर्यंत तसेच पडून राहिले.

कापताना पहिली अडचण येते ती "टक्" आवाजाची. आवाज म्हणजे वर-खाली होणारी लाट. लाट वर असताना कापली आणि पुढचं कात्रण खालून सुरू झालं, तर कानाला ती अचानक उडी टक् अशी लागते. जिन्यात एक पायरी नाही हे अंधारात पायाला कळतं, तसं. उपाय असा की लाट शून्यावरून जाते तिथे कापायचं, किंवा आधीचा आवाज मिटवत मिटवत पुढचा उगवू द्यायचा. जुने लोक टेप सरळ न कापता ४५ अंशांत तिरकी कापायचे ते यासाठीच. पाव इंच रुंद टेपवर ३८ सेंटिमीटरच्या वेगाला तो तिरका काप म्हणजे साधारण १७ मिलिसेकंदांची सरमिसळ. आज माउसनं ओढून आपण तेच करतो.

दुसरी गोष्ट जास्त गंमतीची. आवाजाची ओळख बरीचशी त्याच्या पहिल्या क्षणात असते. शेफेरनं घंटेच्या आवाजातला ठोका कापून टाकला आणि मागचा नादच तेवढा ठेवला. ऐकणाऱ्याला ती घंटा वाटेना, कुणीतरी फुंकून वाजवायचं वाद्य वाजवतंय असं वाटू लागलं. हे तुम्हीही करून पाहा. दार आपटल्याचा आवाज घ्या, "धाड्" मधला "ध" उडवा. उरतो तो एक लांब, दबका सुस्कारा. वेग निम्मा केला की आवाज दुप्पट लांबतो आणि बरोबर एक सप्तक खाली उतरतो. सात वर्षांच्या आत्याचं "मी बोलू?" तसं केलं तर एखादी मोठी बाई फार विचार करून परवानगी मागतेय असं वाटतं.

तिसरी गोष्ट मला कुणी सांगितली नाही आणि त्यात दोन महिने गेले. दोन कात्रणांमध्ये कॉम्प्युटरची कोरी शांतता ठेवू नका. ती भिंतीला पडलेल्या भोकासारखी ऐकू येते. त्याच कॅसेटमधली, कुणी बोलत नसतानाची पाच-सहा सेकंद शोधा आणि ती खालून अंथरा. सिनेमावाले हे नेहमी करतात.

यात कौशल्य ते काय? नुसतं चिकटवायचं तर आहे

माझा पहिला तुकडा याचं चोख उत्तर होतं. दोन मिनिटांत चाळीस कात्रणं कोंबली होती. प्रत्येक सुटं ऐकलं तर सुंदर, एकत्र ऐकलं तर गर्दीच्या वेळेचं फलाट. नंतर सदतीस काढली.

अमेरिकी संगीतकार जॉन केजनं १९५२ च्या सुमारास आठ टेप एकाच वेळी वाजवायची एक रचना केली. ती सव्वाचार मिनिटांच्या आसपास चालते. त्यासाठी त्याला आणि सहकाऱ्यांना टेपचे असंख्य बारीक तुकडे हातानं कापून जोडावे लागले, त्यात महिनेच्या महिने गेले. आज तेच काम कितीतरी पटीनं लवकर होतं, हे खरं. पण कोणतं कात्रण ठेवायचं आणि किती वेळा, हे ठरवायला आजही तितकाच वेळ लागतो. "चालू झालं का?" सात वेळा लावलं तर ते वाक्यच राहतं. वीस वेळा लावलं तर लोक हेडफोन काढतात.

एआयला सांगितलं तर तो करून देणार नाही का? देईल. "जुन्या कॅसेटसारखी खरखर" सुद्धा देईल, अगदी हवी तेवढी. मी ते ऐकलंय, छान असतं. पण ती खरखर कुठल्याच खोलीत झालेली नसते.

दुसऱ्याचं उचलणं म्हणजे चोरी नव्हे का?

कधीकधी हो. प्रसिद्ध रेकॉर्डमधून कात्रण घेतलं की दोन हक्क आडवे येतात. एक चालीचा आणि शब्दांचा, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. बऱ्याच जणांना पहिलाच ठाऊक असतो. कॅनडाच्या जॉन ऑस्वाल्डनं १९८९ मध्ये प्रसिद्ध गाण्यांची मोडतोड करून एक सीडी काढली, विकली नाही, फुकट वाटली. तरी रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेच्या तक्रारीनंतर उरलेल्या प्रती त्याला नष्ट कराव्या लागल्या. "मी पैसे कमावत नाही" हे सांगून सुटका होत नाही ती अशी.

किती लहान तुकडा चालतो, यावर न्यायालयांचंही एकमत नाही. अमेरिकेत २००५ साली एका अपील न्यायालयानं दोन सेकंदांच्या गिटारच्या तुकड्याबद्दल सांगितलं की परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका. २०१६ साली दुसऱ्या अपील न्यायालयानं पाव सेकंदाहूनही छोटा तुकडा क्षुल्लक मानून सोडून दिला. जर्मनीत क्राफ्टवेर्क या गटाच्या १९७७ च्या गाण्यातल्या दोन सेकंदांचा वाद वीस वर्षांहून जास्त चालला. त्यात २०१९ मध्ये युरोपीय न्यायालय म्हणालं की छोट्या तुकड्यालाही परवानगी लागते, मात्र तो बदलून कानाला ओळखूच येणार नाही असा केला तर लागत नाही. कोलाज करणाऱ्याची यात पंचाईत आहे, कारण त्याला फाटलेली कड दाखवायचीच असते.

घरच्या टेपला हा ताप कमी, पण नाही असं नाही. आमच्या कॅसेटमध्ये एकविसाव्या मिनिटाला शेजारच्या खोलीत रेडिओवर गाणं लागतं. आजोबांचा आवाज घरचा, ते गाणं कुणा दुसऱ्याचं. घरात ऐकायचं असेल तर प्रश्न नाही, बाहेर प्रसिद्ध करायचं असेल तर ते टाळा किंवा रीतसर परवानगी काढा. मी टाळलं.

आणि ज्यांचा आवाज आहे त्यांचं काय?

कायद्यापेक्षा मला हा प्रश्न जड गेला. आजोबांना विचारता येत नव्हतं. आत्याला येत होतं. तुकडा कुणालाही ऐकवण्याआधी मी तिला सगळी कॅसेट ऐकवली, मग माझा तुकडा. कॅसेट ऐकताना ती हसत होती. तुकडा ऐकताना एका जागी तिनं हात वर केला. आजोबा आपल्या आजाराबद्दल काकांना सांगतात, तिथलं चार सेकंदांचं कात्रण मी घेतलं होतं. त्यांचा आवाज तिथे जरा कापतो आणि मला तो कापरा आवाजच हवा होता.

"हे काढ," आत्या म्हणाली. "हे त्यांनी दादाला सांगितलंय. लोकांना नाही."

काढलं. त्या जागी काय ठेवायचं ते सुचेना. खोलीची शांतता घालून पाहिली, घड्याळ घालून पाहिलं. आत्या शेजारी बसून बघत होती.

"मी तीनदा विचारलंय ना?" ती म्हणाली. "तिसऱ्यांदाचं घाल. आणि त्यांचं 'थांब' यायच्या आधी काप."

मैत्रिणीनं कान मोकळा केला तो ही जागा यायच्या बऱ्याच आधी, म्हणून तिला पुन्हा पहिल्यापासून ऐकायला लावलं. तीन मिनिटं दहाव्या सेकंदाला सात वर्षांची मुलगी विचारते, "मी बोलू?" त्यानंतर सहा सेकंद कुणीच बोलत नाही आणि घर हळूहळू वर येतं.